तेविसावी पेटी

मी कागद मोजतो, वाचत नाही. एकतीस वर्षं कंपनीच्या दप्तरखान्यात काढली, पण कुठल्या कागदावर काय लिहिलंय हे विचाराल तर मी हात वर करीन. किती पानं आहेत, कुठल्या कपाटात आहेत, शेवटची कोणी हाताळली, हे मात्र झोपेतून उठवून विचारा. या स्वभावामुळे ऑफिसात मला कुलूपराव म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण दप्तरखान्याच्या भिंती काही फार जाड नाहीत.

आमची कंपनी वॉशिंग मशीन बनवते. आतल्या ड्रमची दहा वर्षांची वॉरंटी. ड्रमच्या पाठीमागे तीन पायांचा धातूचा एक आधार असतो, कारखान्यात त्याला तिवई म्हणतात. तिवई मोडली की ड्रम लुळा पडतो आणि मशीन घरभर नाचतं. तीनशे बारा घरांत ते नाचलं. कंपनी म्हणाली, वॉरंटी ड्रमची आहे, तिवईची नाही. गिऱ्हाईकं म्हणाली, मग तिवईशिवाय ड्रम चालवून दाखवा. कोणी ऐकेना, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं.

कोर्टाने तिवईचे सगळे कागद दाखवायला सांगितले. धंद्याची गुपितं चव्हाट्यावर येतील म्हणून कंपनीने आकांडतांडव केलं. शेवटी कोर्टानेच तोड काढली. कागद कंपनीच्याच एका बंद खोलीत राहतील. गिऱ्हाइकांच्या बाजूने एकच जाणकार माणूस येऊन ते वाचेल. फोन नाही, नकला नाहीत. कोर्टात कुठला कागद मागवायचा त्याचा क्रमांक तेवढा टिपून घ्यायचा. एका वेळी एकच पेटी, आणि परत आलेली पेटी मोजून घेतल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. खोली उघडल्या दिवसापासून कामाचे दहा दिवस, दहा ते पाच. वाचणाऱ्यासमोर कंपनीचा एक राखणदार बसेल, आणि त्याने खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

राखणदार म्हणून दुसरं कोणाचं नाव निघणं शक्यच नव्हतं. पेट्या तेवीस होत्या. दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर मी त्यांची सील तपासून दिली, खोली उघडली, नोंदवहीत पहिली नोंद केली. तो गुरुवार होता. वाचणाऱ्या बाई शुक्रवारी आल्या.

बाई म्हणजे धातुशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, वय पासष्टच्या पुढेमागे. गळ्यात दोरीला एक चष्मा आणि नाकावर दुसरा. एक जवळचा, एक लांबचा.

"दोन्ही एकातच मिळतात की हल्ली," मी म्हणालो.

"मिळतात. मग धड जवळचं दिसत नाही की धड लांबचं. माझं एका वेळी एकच काम."

त्यामुळे व्हायचं असं, की कागदावरून नजर उचलून माझ्याकडे बघायचं तर त्यांना चष्मा बदलावा लागे. म्हणजे बघणं उगाच होत नसे, ठरवून होई. मला मोजायची खोड. दिवसातून सात-आठ वेळा त्या चष्मा बदलून माझ्याकडे बघत.

नोंदवहीवरून मात्र लवकरच आमची जुंपली. नाव, संपूर्ण पत्ता, आल्याची वेळ, पेटी क्रमांक, शेरा, सही असे रकाने. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काल लिहिला की. मी काय रोज घर बदलते?"

"रकाना आहे, बाई."

"रकाना आहे म्हणून लिहायचं?"

"तो रकाना मीच आखलाय."

त्या हसल्या आणि लिहू लागल्या. नंतर रोज पत्ता लिहिताना एकेक शब्द मोठ्याने म्हणत, मला चिडवायला. घर क्रमांक, जिना, मजला, दाराचा रंगसुद्धा. दाराच्या रंगाला रकाना नाही असं मी म्हणे, आणि त्या म्हणत, मग आखून घ्या.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन खोल्या आहेत. लग्न झालं नाही. का झालं नाही याला आता तसं कारणही उरलेलं नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत दादा, वहिनी आणि पुतणी याच घरात होती. मग त्यांनी मोठं घर घेतलं. "तुझी खोली आहेच तिकडे," दादा म्हणाला होता. त्या खोलीत आता पुतणीचं अभ्यासाचं टेबल आहे आणि पलंगावर इस्त्रीचे कपडे असतात. वहिनी मनाने वाईट नाही. फोन केला की "या ना भावोजी, कधीही या," म्हणते. कधीही या म्हणजे कधीच नाही, हे मला उशिरा कळलं. वार सांगितला असता तर गेलो असतो.

शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज माझ्याच कानावर पडत नाही. एकदा एका रविवारी मी मुद्दाम भलताच नंबर फिरवला. पलीकडच्या बाप्याने खेकसून फोन ठेवला. तरी बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेच सांगतोय.

आणि मार्चमध्ये मी निवृत्त होणार होतो. म्हणजे मग सोमवारसुद्धा नाही.

तर बाई. खोलीत खाणंपिणं मना होतं, म्हणून दुपारी एक वाजता मी खोलीला कुलूप लावी आणि आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसत असू. बाई थर्मास आणत. पहिल्या दिवशी त्यांनी झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, समोरच्या पक्षाचा चहा घेऊ की नको, आदेशात स्पष्ट नाही. त्या म्हणाल्या, "चहा कुठल्याच पक्षाचा नसतो. घ्या मुकाट्याने."

खटल्याचं बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायला सगळं जग मोकळं होतं. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. ते नळ दुरुस्त करताना नळाला शिव्या घालत. "आता नळ गळतो, पण शिव्या नाहीत," बाई म्हणाल्या. मी त्यांना दप्तरखान्यातले उंदीर, पुतणीचं लहानपण, भलत्याच नंबराची नाही पण बाकीची बरीच गोष्ट सांगितली. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आम्ही मिळून सोडवायचो. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. तिसऱ्या दिवशी त्यांना माझं टोपणनाव कुठूनतरी कळलं. "काय कुलूपराव, आज किल्ली कुठे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्या नावाचा मला एकतीस वर्षांत पहिल्यांदा राग आला नाही.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मुदत कधीपर्यंत आहे हो आपली?"

मी बोटांवर मोजलं. शुक्रवार एक, सोमवार दोन. "पुढच्या आठवड्यातला गुरुवार."

"आमच्या वकिलांना विचारून ठेवू का?"

"विचारा, पण गुरुवारच आहे."

"मग कशाला विचारू? तुम्ही सांगितलंत, झालं." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाईंचा वाचण्याचा झपाटा दांडगा होता. रोज तीन पेट्या. चार दिवसांत बारा झाल्या. चौथ्या संध्याकाळी घरी भात शिजेपर्यंत मी हिशेब केला. या वेगाने मंगळवारी सगळं आटोपणार. बुधवारी त्या येणार नाहीत. गुरुवारीही नाहीत. त्यानंतर कधीच येण्याचं कारण नाही.

पाचव्या दिवसापासून मी पानं दोनदा मोजायला लागलो. "एक पान जास्त लागतंय, पुन्हा बघतो," असं म्हणायचं आणि ओल्या स्पंजवर बोट टेकवत पहिल्यापासून सुरुवात करायची. बाई खिडकीपाशी उभ्या राहायच्या. कधी विणकाम काढायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्यासारखा काटेकोर माणूस पाहिला नाही." मला लाज वाटली. तरी त्यानंतरची पेटी मी दोनदाच मोजली. मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. न कळण्याइतका मी भाबडा नाही. एवढंच मनाशी म्हणत होतो की मुदतीच्या आत तेवीसच्या तेवीस पेट्या मिळाल्या म्हणजे झालं, एखादा दिवस इकडेतिकडे झाल्याने कोणाचं काय बिघडतंय?

बुधवारी दुपारी साडेतीनला बाविसावी पेटी मिटली. बाईंनी चष्मा बदलला.

"एकच राहिली ना? द्या, आजच उडवून टाकते. दीड तास पुष्कळ झाला."

तेविसाव्या पेटीची यादी मी महिन्यापूर्वीच जुळवलेली होती. दोनशे अठरा पानं. पेटी माझ्या पाठीमागेच होती, हात लांबवला असता तर लागली असती.

"यादी जुळवायची राहिलीय," मी म्हणालो.

"जुळवा. थांबते मी."

"वेळ लागेल. उद्या दहा वाजता टेबलावर तयार ठेवतो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग वही पिशवीत टाकली. "बरं. उद्या शेवटचा दिवस, जरा चांगला चहा आणते."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'पेटी २३ : यादी जुळवणी बाकी.' एकतीस वर्षांतली ती माझी पहिली खोटी नोंद. अक्षर नेहमीसारखंच आलं.

गुरुवारी मी नवा शर्ट घालून पावणेदहालाच पोचलो, तर खोलीच्या दारात कंपनीचे वकील उभे. हातात लाख आणि शिक्का.

"या, या कुलूपराव! तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

मला काही कळेना. त्यांनी नोंदवही उघडली आणि पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. माझंच अक्षर. माझीच सही. खोली उघडल्याचा दिवस, गुरुवार. खोली उघडल्या दिवसापासून दहा. मी मोजायला सुरुवात केली होती ती बाई आल्या त्या दिवसापासून. आयुष्यभर कागद मोजणारा मी, दहापर्यंत मोजायला चुकलो होतो. मुदत काल पाच वाजता संपली होती.

"बाई?" मी विचारलं.

"गेटवरून परत पाठवायला सांगितलंय."

मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो. खाली गेटपाशी बाई उभ्या होत्या, एका हातात थर्मास. वॉचमन त्यांना कागद दाखवत होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि वर माझ्या दिशेने बघितलं. नाकावर जवळचा चष्मा होता. मी त्यांना दिसलो नसणार. मीही हात केला नाही.

वकील मागून येऊन माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "नेमकी तीच पेटी अडवलीत. आम्ही सांगितलंही नव्हतं. मोठे साहेब फार खूश आहेत. मार्चनंतर तुम्हाला दोन वर्षं वाढवून द्यायचं म्हणतायत."

नेमकी तीच, म्हणजे त्या पेटीत काहीतरी होतं. काय होतं ते मी विचारलं नाही. दोन वर्षं म्हणजे शंभरावर सोमवार, एवढा हिशेब मात्र मनात आपोआप झाला.

गिऱ्हाइकांच्या वकिलाने लगेच अर्ज केला, की पेटी मुद्दाम दडवली, एक दिवस वाढवून द्या. कोर्टाने राखणदाराला नोंदवहीसकट हजर राहायला सांगितलं. आमच्या वकिलांनी माझ्यासाठी प्रतिज्ञापत्र तयार केलं. एक पान. मी ते घरी नेलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कंपनीचा कागद मोजायचं सोडून वाचला. 'पेटी क्रमांक २३ ची यादी जुळवणे खरोखरच बाकी होते. वाचकाने ती पेटी त्या दिवशी मागितली नाही.'

मागितली नाही! म्हणजे बाईच आळशी ठरल्या, किंवा खोटारड्या. तीनशे बारा घरांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली, त्या दीड तास हातात असताना उठून घरी गेल्या, असं माझ्या सहीने ठरणार होतं.

मी दादाला फोन केला. सणवार काही नव्हता, त्यामुळे तो घाबरला. "काय झालं? तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. "मग?" मी म्हटलं, काही नाही, सहज. तो म्हणाला, "जेवतोय रे, नंतर करतो." नंतर त्याचा फोन आला नाही. त्याचंही बरोबर आहे. सहज फोन करायची आमच्यात पद्धत नाही. मग मी कोरा कागद घेतला आणि माझं मीच लिहिलं.

कोर्टाची खोली लहान होती आणि पंख्याचा आवाज मोठा. बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर वही उघडी, नाकावर जवळचा चष्मा. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी नोंदवहीबरोबर माझा कागद पुढे दिला. आमच्या वकिलांना वाटलं तो त्यांचाच आहे. ते समाधानाने मागे रेलले. न्यायाधीशांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग आमच्या वकिलांच्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी बघितला.

"साहेब," वकील उठून म्हणाले, "ही कंपनीची अंतर्गत बाब आहे. हा कागद पाकिटात बंद ठेवावा अशी विनंती आहे."

न्यायाधीश माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. "कंपनीचं राहू द्या. तुम्ही इथे स्वतःबद्दल जे लिहिलंय, ते खाजगी आहे. तुमची इच्छा असेल तर मी ते गोपनीय ठेवू शकतो. आम्हा तिघांखेरीज कोणी वाचणार नाही."

गोपनीय. हा शब्द मी हजारो पाकिटांवर ठोकला आहे. त्याचा शिक्का माझ्या खणात असतो, मूठ माझ्या हाताने गुळगुळीत झालेली. दुसऱ्यांची गुपितं सांभाळण्यात जन्म गेला, आणि आता कोणीतरी माझं सांभाळायला निघालं होतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पाकिटात गेलं असतं तर कोणी हसलं नसतं. पण बाईंनाही ते कधी कळलं नसतं. मी कंपनीसाठीच गोड बोलत होतो, चहा पीत होतो, शब्दकोडं सोडवत होतो, असंच त्यांनी धरलं असतं.

"नको साहेब," मी म्हणालो. "उघडंच असू द्या."

कारकुनाने उभं राहून वाचलं. बाजारातल्या सामानाची यादी वाचावी तसं.

"'पेटी क्रमांक तेवीसची यादी महिनाभर आधीच जुळलेली होती. बाईंनी पेटी मागितली होती. मी दिली नाही. कंपनीने मला तसं सांगितलेलं नव्हतं. माझ्या घरी बोलायला कोणी नाही. बाई दुपारी बोलत. त्या आणखी एक दिवस याव्यात म्हणून मी पेटी मागे ठेवली. मुदतीचा वारही मीच चुकीचा सांगितला, पण ती चूक मुद्दाम केलेली नव्हती.'"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. मी समोर बघत राहिलो, आणि समोर दुसऱ्या रांगेत बाईंनी नाकावरचा चष्मा काढला. गळ्यातला उचलला, पदराने पुसला, लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. तेवढं तरी मी त्यांचं देणं लागत होतो.

कोर्टाने एक दिवस वाढवून दिला. राखणदार मात्र दुसरा नेमायचा, असा हुकूम झाला. दोन वर्षांच्या मुदतवाढीबद्दल आमच्या वकिलांनी मला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

बाहेर जिन्यापाशी बाई थांबलेल्या होत्या. मी जवळ गेलो तसं त्यांनी तोफ डागली.

"तीनशे बारा घरं होती हो! कपडे हाताने पिळतायत माणसं वर्षभर. आणि तुम्हाला गप्पा हव्या होत्या?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलंच. साफ चुकलं." त्यांचा श्वास फुलला होता. कठड्याला धरून त्या जरा उभ्या राहिल्या. मग आवाज उतरला. "आणि हव्याच होत्या तर विचारायचं. रविवारी मी काय करते असं वाटलं तुम्हाला? भिंतीशी बोलते. पत्ता तर रोज तुमच्या नाकासमोर लिहीत होते, दाराच्या रंगासकट."

नोंदवहीच्या पहिल्या पानावर नियम आहेत, माझ्याच अक्षरात. त्यातला चौथा नियम मी त्यांना सांगितला. या नोंदवहीतली माहिती खाजगी कामासाठी वापरू नये.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की त्या हसणार आहेत की रडणार आहेत ते मला कळेना. त्यांनाही कळलं नसावं. मग त्या वळल्या आणि एकेक पायरी जपून उतरत गेल्या.

पत्ता त्यांनी पुन्हा सांगितला नाही. मला तो पाठ होता.